पॅरिशच्या कचेरीतली पहिली दहा मिनिटं

आंतरधर्मीय लग्नांबद्दल चर्चची भूमिका काय, हा प्रश्न निघाला की परिसंवाद भरतात, पत्रकं निघतात, रविवारच्या प्रवचनात दोन वाक्यं येतात. खरी भूमिका मात्र ठरते ती पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या ख्रिस्ती समाजाच्या, कचेरीत. एक टेबल, मागे लोखंडी कपाटात बाप्तिस्म्याची आणि लग्नांची रजिस्टरं, समोर दोन खुर्च्या. एक मुलगी येऊन सांगते, "फादर, मी लग्न ठरवलंय. मुलगा आपल्यातला नाही." त्यानंतरच्या दहा मिनिटांत फादर जे बोलतात, तीच त्या मुलीपुरती आणि तिच्या पुढच्या मुलाबाळांपुरती चर्चची भूमिका असते.

बहुतेक वेळा त्या दहा मिनिटांत तीन वाक्यं ऐकू येतात. "घरच्यांना माहीत आहे का?" "तो बाप्तिस्मा घ्यायला तयार आहे का?" आणि उत्तर नकारार्थी आलं की, "मग कोर्टात करा." पहिल्या प्रश्नात सज्ञान माणसाचा अपमान आहे. दुसरा प्रश्न अवेळी आहे. तिसरं वाक्य तर चर्चच्याच कायद्याला धरून नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की चर्चच्या नियमांत अशा जोडप्यासाठी जितकी जागा आहे, तितकी चर्चच्या दारात नाही. नवं पत्रक काढण्याआधी ही असलेली जागा मोकळी करायला हवी.

इथे मुख्यतः रोमन (लॅटिन) कॅथलिक चर्चबद्दल लिहितो आहे. वसईपासून नागपूरपर्यंत त्याची धर्मसंहिता एकच आहे, १९८३ ची, आणि त्यामुळे कुठे काय चुकतं हे कलमानिशी दाखवता येतं. १९७० साली नागपुरात स्थापन झालेलं चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, जुन्या अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतली नगरकडची चर्चेस, स्वतंत्र मंडळ्या यांचे नियम एकमेकांपासून वेगळे आहेत. देशाच्या कायद्याबद्दल आणि माणसांच्या वागण्याबद्दल जे म्हणणार आहे, ते मात्र त्यांनाही लागू आहे.

संहितेचं कलम १०८६ सांगतं की कॅथलिक व्यक्ती आणि बाप्तिस्मा न झालेली व्यक्ती यांचं लग्न सूट मिळाल्याशिवाय वैध होत नाही. लोकांना यातला पहिला भाग माहीत असतो, दुसरा नसतो. सूट मिळते. ती द्यायचा अधिकार धर्मप्रांताच्या बिशपांकडे आहे, त्यासाठी रोमला अर्ज करावा लागत नाही. अटी कलम ११२५ मध्ये आहेत आणि त्या तीनच आहेत. कॅथलिक जोडीदारानं आपली श्रद्धा जपण्याची तयारी जाहीर करायची आणि मुलांना कॅथलिक श्रद्धेत वाढवण्यासाठी आपल्याकडून शक्य ते सगळं करण्याचं वचन द्यायचं. या वचनाची माहिती दुसऱ्या जोडीदाराला वेळेवर द्यायची. आणि ख्रिस्ती विवाहाचे हेतू व मूळ गुण दोघांनाही समजावून द्यायचे. दुसऱ्या जोडीदारानं बाप्तिस्मा घ्यावा, अशी अट यात कुठेही नाही. त्यानं काही लिहून द्यावं, अशीही नाही. १९१७ च्या जुन्या संहितेत तशी हमी त्याच्याकडूनही घेतली जात असे. पोप सहावे पॉल यांनी १९७० साली ते ओझं काढून टाकलं. पन्नासहून अधिक वर्षं झाली, तरी "लग्नासाठी धर्म बदलावाच लागतो" ही समजूत आपल्या गावोगावी जिवंत आहे, आणि ती खोडून काढायचं काम कचेरीतल्या माणसानं केलेलं नाही.

"कोर्टात करा" हा सल्ला किती महाग पडतो ते पाहा. सूट न घेता कॅथलिक व्यक्तीनं नोंदणी पद्धतीनं लग्न केलं, तर देशाच्या कायद्यानं ते पूर्ण वैध, पण चर्चच्या लेखी वैध नाही. मग त्या मुलीला मिस्सेत, म्हणजे चर्चच्या मुख्य उपासनेत, दिली जाणारी पवित्र भाकर, ख्रिस्तप्रसाद, घेता येत नाही. म्हणजे जिला आपणच दारातून परत पाठवलं, तिलाच वर्षभरानं रांगेतून बाजूला व्हायला सांगायचं. तिचं बाळ बाप्तिस्म्यासाठी आणलं की पुन्हा तोच विषय. अशा घरांतली मुलं पुढे चर्चपासून दुरावली, तर त्याचा दोष हिंदू सासूवर टाकता येणार नाही.

मग पहिल्या भेटीत काय व्हावं? आधी अभिनंदन. नंतर एक छापील कागद हातात द्यावा, मराठीत, एका पानाचा. त्यात लागणारी कागदपत्रं असावीत: कॅथलिक जोडीदाराचा बाप्तिस्म्याचा नव्यानं काढलेला दाखला, सहसा सहा महिन्यांच्या आतला, कारण त्याच्या मागच्या बाजूला आधीच्या लग्नाची नोंद आहे का ते पाहायचं असतं, दुसरा जोडीदार अविवाहित आहे याचं प्रतिज्ञापत्र आणि त्याला ओळखणाऱ्या दोघांची साक्ष, वयाचे पुरावे, विवाहपूर्व शिबिराचा दाखला, सूट मिळण्यासाठी बिशपांकडे जाणारा अर्ज. किती दिवस लागतात तेही त्यावर लिहिलेलं असावं. तीन महिने आधी यावं असं सगळे सांगतात, पण कागदावर नसल्यामुळे लोक हॉल ठरवून, पत्रिका छापून, तीन आठवडे उरले असताना येतात. मग घाईघाईनं अर्ज होतो, वचनाच्या कागदावर गाडीच्या बॉनेटवर सही घेतली जाते, आणि ज्याला ही माहिती वेळेवर द्यायची होती त्या मुलाला ती लग्नाच्या आठवड्यात कळते. त्याला आणि त्याच्या आईवडिलांना फसवल्यासारखं वाटतं. त्यात त्यांचं चूक नाही. संहितेनं "वेळेवर" हा शब्द उगाच घातलेला नाही.

नावं जाहीर करण्याच्या प्रथेबद्दलही विचार व्हावा. ओळीनं तीन रविवार नावं वाचायची आणि फलकावर लावायची, या रिवाजामागचा हेतू चांगला आहे: काही अडथळा असेल तर समाजानं सांगावा. पण आज फलकाचा फोटो काढून तो दहा मिनिटांत गावभर फिरवता येतो. जिथे धोका दिसतो तिथे या जाहिरातीतून सूट घेता येते, ती मागावी.

आता बाप्तिस्म्याबद्दल. इथे चर्चनं सर्वांत जास्त सावध राहायला हवं, आणि ते फक्त बाहेरच्या आरोपांना घाबरून नव्हे. प्रौढाचा बाप्तिस्मा कलम ८६५ प्रमाणे त्याच्या स्वतःच्या इच्छेनं, पुरेशा शिकवणीनंतर आणि दीक्षाकाळात पारखून मगच व्हायचा असतो. लग्नाची तारीख गाठण्यासाठी सहा आठवड्यांत उरकलेला बाप्तिस्मा हा त्या संस्काराचाच अवमान आहे. त्याचे कायदेशीर परिणामही असतात, आणि ते सांगणं फादरांचं कर्तव्य आहे.

हिंदू मुलीनं बाप्तिस्मा घेतला, तर माहेरच्या मालमत्तेतला तिचा स्वतःचा हक्क जात नाही. १८५० पासून हे संरक्षण आहे. पण हिंदू वारसा कायदा १९५६ चं कलम २६ सांगतं की धर्मांतरानंतर जन्मलेली तिची मुलं तिच्या हिंदू नातेवाइकांची वारस होऊ शकत नाहीत, वारसा खुला होताना ती मुलं हिंदू असतील तरच होतात. म्हणजे आजोबांच्या जमिनीतून नातवंडं बाद. मुलगी अनुसूचित जातीची असेल तर आणखी एक गोष्ट. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी जवळपास फक्त हिंदूंना होता, १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना मिळाला. ख्रिस्ती अजून बाहेरच आहेत. ख्रिस्ती धर्म आचरत असताना केवळ आरक्षणासाठी हिंदू असल्याचा दावा चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२४ मध्ये पुद्दुचेरीतल्या एका प्रकरणात पुन्हा स्पष्ट केलं. अनुसूचित जमातींच्या दर्जाला मात्र धर्माची अट नाही, म्हणून पालघरच्या वारली मुलीची स्थिती वेगळी आणि नगरच्या मातंग मुलीची वेगळी. आदेशातला हा भेद अन्यायाचा आहे आणि तो बदलावा म्हणून चर्चनं लढतच राहावं. पण तो बदलत नाही तोवर, ज्या मुलीची नोकरी किंवा शिष्यवृत्ती त्या दाखल्यावर उभी आहे, तिला हे न सांगता बाप्तिस्म्याच्या कुंडाजवळ उभं करणं ही फसवणूक आहे.

म्हणून एक साधा नियम करावा. बाप्तिस्मा आणि लग्न एका वर्षात नकोत. ज्याला खरोखर ख्रिस्तानं ओढून घेतलं आहे, तो वर्षभर थांबेल. सूट घेऊन आधी लग्न होईल, श्रद्धा आपल्या चालीनं येईल, किंवा येणार नाही. मराठी ख्रिस्ती माणसाला याचं उदाहरण बाहेरून आणायची गरज नाही. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी झाला. लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्याबरोबर नव्हत्या. काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या, मग परत आल्या त्या हिंदू म्हणूनच, सुरुवातीला आपलं सोवळं सांभाळून. एका छताखाली दोन धर्मांचा तो संसार चालला, आणि त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा सुमारे पाच वर्षांनंतर झाला, त्यांना स्वतःला पटल्यावर. धर्मांतरामुळे जोडीदारानं सोडलेल्या माणसाला काडीमोड घेण्याची वाट १८६६ च्या कायद्यानं ठेवली होती. टिळक त्या वाटेनं गेले नाहीत. ज्या समाजाच्या आठवणीत हे घर आहे, त्याला आंतरधर्मीय संसार अशक्य किंवा अपवित्र वाटण्याचं कारण नाही.

गुजरातेत २००३ च्या कायद्यानं धर्मांतराचा विधी करणाऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, कर्नाटकातही २०२२ साली धर्मांतरविरोधी कायदा झाला. अशा वातावरणात लग्न आणि बाप्तिस्मा यांच्यात अंतर ठेवणं शहाणपणाचं आहे हे खरं. तरी कायदे उद्या रद्द झाले तरी हे अंतर राहावं, कारण मुळात ते श्रद्धेच्या प्रामाणिकपणासाठी आहे.

देशाच्या कायद्यात लग्नाचे दोन रस्ते आहेत, आणि बहुतेक जोडप्यांना त्यातला फरक कोणी समजावून देत नाही. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा १८७२ दोघांपैकी एक जण ख्रिस्ती असला तरी लागू होतो. म्हणजे सूट घेऊन चर्चमध्ये लागलेलं लग्न हे देशाच्या लेखीही लग्नच. त्यासाठी वेगळं कोर्ट मॅरेज लागत नाही. पॅरिशनं दर तिमाहीला नोंदींचं विवरण निबंधकांकडे पाठवायचं असतं. शिवाय महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्यानुसार ९० दिवसांत स्थानिक विवाह निबंधकाकडे नोंदणी करायची असते. व्हिसासाठी नेमका तोच दाखला मागतात, आणि तोच राहून जातो.

दुसरा रस्ता विशेष विवाह कायदा १९५४. दोघांपैकी एकानं त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस सलग राहिलेलं असावं लागतं. नोटीस द्यायची, ती कार्यालयात लावली जाते, ३० दिवस हरकतींसाठी, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर ती रद्द. साक्षीदार तीन. या नोटिशीचा त्रास खरा आहे. केरळमध्ये अशा नोटिसा समाजमाध्यमांवर फिरवल्या जाऊ लागल्यावर २०२० साली सरकारला त्या संकेतस्थळावर टाकणं थांबवावं लागलं. या कायद्यानं लग्न केलेल्या हिंदू मुलाचा अविभक्त कुटुंबाशी संबंध तुटलेला धरला जातो आणि त्याच्या संपत्तीला भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ लागू होतो. मृत्युपत्र नसेल आणि मुलं असतील तर विधवेला एक तृतीयांश, मुलांना दोन तृतीयांश. एकत्र शेतजमीन असलेल्या घरात ही बातमी लग्नानंतर पोचली की भांडणं होतात. ख्रिस्ती जोडीदारानं लग्नाआधी मृत्युपत्र केलं असेल तर लग्नानं ते आपोआप रद्द होतं, नवं करावं लागतं. परस्परसंमतीच्या घटस्फोटासाठी विशेष विवाह कायद्यात एक वर्ष वेगळं राहणं पुरतं, तर ख्रिस्ती विवाहाला लागू असलेल्या घटस्फोट कायद्याच्या २००१ साली आलेल्या कलम १०अ च्या मजकुरात दोन वर्षं आहेत. लग्नाच्या बोलण्यात घटस्फोटाचा विषय काढायला फादर कचरतात. त्यांनी स्वतः काढू नये, शिबिरात वकील बोलवावा.

आणि एक तिसरा रस्ता आहे, जो रस्ताच नाही. हिंदू विवाह कायद्याखाली लग्न वैध व्हायला दोघंही हिंदू असावे लागतात. दोघांत एक ख्रिस्ती असताना देवळात विधी करून त्याच कायद्याखाली नोंदवलेलं लग्न सर्वोच्च न्यायालयानं २००८ साली अवैध ठरवलं. पती कॅथलिक होता, पत्नी हिंदू, लग्न १९९६ चं. वर्षानुवर्षं चाललेला वाद, आणि शेवटी लग्नच नव्हतं असा निकाल. सामोपचारासाठी "त्यांच्या पद्धतीनं करून टाकू" म्हणणाऱ्या आईवडिलांना हे माहीत नसतं.

यातूनच दुहेरी विधीचा प्रश्न येतो. सकाळी कार्यालयात सप्तपदी आणि संध्याकाळी चर्च, अशी आखणी अनेक घरं करतात. कलम ११२७ प्रमाणे त्याच लग्नाची संमती दुसऱ्या धार्मिक विधीत पुन्हा देता-घेता येत नाही, म्हणून फादर अडवतात, आणि कधीकधी अडवू नये तेही अडवतात. फरक स्पष्ट आहे. हळद, मेंदी, घाणा, ओटी भरणं, सीमांतपूजनाचा पाहुणचार, आशीर्वाद यांत विवाहाची संमती दिली जात नाही. मुंबईच्या मूळच्या ईस्ट इंडियन कॅथलिक घरात उंबराचं पाणी आणलं जातं, वसईत हळद लागते, अनेक चर्चमध्ये अंगठ्यांबरोबर मंगळसूत्रालाही आशीर्वाद दिला जातो. आपल्याच लग्नात जे चालतं ते समोरच्या घरी "विधर्मी" कसं होईल? अडवायची ती फक्त संमतीची दुसरी आवृत्ती. आणि समोरच्या घराला चर्चमध्ये येणं अगदीच जड जात असेल, तर बिशप चर्चमधल्या विधीपासूनही सूट देऊ शकतात. मग विशेष विवाह कायद्यानं झालेलं लग्नच चर्चलाही वैध. ही तरतूद पॅरिशमध्ये क्वचितच सांगितली जाते.

चर्चमध्ये लग्न लागायचं असेल तर विधी मिस्सेशिवाय करावा. बाप्तिस्मा न झालेल्या जोडीदाराबरोबरच्या विवाहासाठी उपासनाग्रंथात स्वतंत्र विधी आहे: शास्त्रवाचन, संमती, अंगठ्या, प्रार्थना, आशीर्वाद. अर्ध्या-पाऊण तासात नीट होतो. पण "पूर्ण मिस्सा नाही म्हणजे कमी दर्जाचं लग्न" अशी समजूत असल्यामुळे मुलीचे वडील हट्ट धरतात. मग ख्रिस्तप्रसादाच्या वेळी नवरी एकटी पुढे जाते, नवरा आणि त्याची शंभर माणसं बसून राहतात, आणि लग्नाच्या पहिल्याच तासात दोघांमधली रेघ सगळ्यांना दिसते. वाचन मराठीत असावं, समोरच्या घरातल्या कुणाला तरी एक प्रार्थना वाचायला द्यावी, आणि प्रवचनात "आज आमच्याकडे हिंदू बांधव आले आहेत" असा पाहुण्यांचा उल्लेख न करता दोन्ही आईवडिलांची नावं घ्यावीत.

विवाहपूर्व शिबिरं बहुतेक ठिकाणी चांगली चालतात, पण ती गृहीत धरतात की दोघंही एकाच मिस्सेला जाणार आहेत. मिश्र जोडप्यांसाठी दोन तासांचं वेगळं सत्र हवं, आणि त्यात तत्त्वज्ञान कमी, घर जास्त हवं. ईस्टरआधीच्या उपवासकाळातले शुक्रवार आणि श्रावणातले सोमवार एकाच स्वयंपाकघरात कसे सांभाळायचे. गणपती घरी बसतो तेव्हा ख्रिस्ती सुनेनं काय करायचं आणि काय न केलेलं चालेल, हे सासूशी आधी कोण बोलणार. बारसं आणि बाप्तिस्मा यांचा क्रम. मुलाचं नाव. देवळाची वर्गणी आणि चर्चचं देणं कुणाच्या पगारातून. आजारपणात कुणाला बोलवायचं, फादरांना की गुरुजींना. या प्रश्नांची उत्तरं शिबिरात द्यायची नसतात, जोडप्याला बसवून बोलतं करायचं असतं. पंधरा-वीस वर्षं असा संसार केलेलं एक जोडपं समोर असलं, तर फादर आणि डॉक्टर मिळून जे सांगू शकत नाहीत ते ते सांगतात.

वचनातल्या "शक्य ते सगळं" या शब्दांचा अर्थही तिथेच उलगडावा. ते हमीपत्र नव्हे. नवरा ठाम नकार देत असताना संसार मोडून मुलाला कुंडाशी न्यावं, असं चर्च मागत नाही. आईनं प्रार्थना शिकवावी, नाताळ घरात यावा, मूल मोठं होऊन विचारेल तेव्हा तिच्याकडे उत्तर असावं, हेही "शक्य ते सगळं" मध्ये येतं. हे न सांगितल्यामुळे काही आया वचन मोडल्याच्या अपराधभावनेनं चर्चचं दारच टाळतात.

ज्यांनी काही वर्षांपूर्वी कोर्टात लग्न केलं आणि मागच्या बाकावर बसतात, त्यांच्यासाठी काय? संहितेच्या ११६१ ते ११६५ या कलमांत असं लग्न मुळापासून वैध करून घेण्याची सोय आहे. दोघांची संमती अजून टिकून आहे एवढं दिसलं, की पुन्हा विधी न करता बिशप ते लग्न वैध करू शकतात. हिंदू जोडीदाराला चर्चमध्ये येऊन काही म्हणावं लागत नाही. अर्ज पॅरिशमधून जातो. प्रत्येक पॅरिशनं उपवासकाळाच्या आधी एका रविवारी हे मराठीत जाहीर करावं आणि कचेरीची वेळ सांगावी. नावं विचारू नयेत, ज्याला यायचं तो येईल.

या सगळ्यावर एक गंभीर आक्षेप आहे, आणि तो दुष्ट हेतूनं घेतला जातो असं मी मानत नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्क्याहून कमी. एवढ्या लहान समाजानं दार सैल केलं तर तो विरघळून जाईल, अशी भीती आहे. भीती समजते. पण ही लग्नं चर्चच्या परवानगीची वाट पाहत नाहीत. मुलं एकाच कॉलेजात शिकतात, एकाच लोकलनं जातात, एकाच कार्यालयात काम करतात. चर्चच्या हातात फक्त एवढंच आहे की ते जोडपं चर्चच्या आत राहील की बाहेर. आणि भीतीतून निघालेली भूमिका कुठे जाते, तेही आपण पाहिलं आहे. जानेवारी २०२० मध्ये केरळच्या सिरो-मलबार चर्चच्या सिनडनं, म्हणजे बिशपांच्या सभेनं, ख्रिस्ती मुलींना 'लव्ह जिहाद'चं लक्ष्य केलं जात असल्याचं निवेदन काढलं. ज्या शब्दाच्या आधारानं ठिकठिकाणी धर्मांतरविरोधी कायदे मागितले जातात, आणि जे कायदे नंतर प्रार्थनासभा घेणाऱ्या पास्टरांवर लावले जातात, त्याच शब्दावर चर्चची मोहर उमटली. महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ मध्ये सरकारनं आंतरधर्मीय लग्नं केलेल्या मुलींची माहिती ठेवण्यासाठी समन्वय समिती नेमली. सरकार सज्ञान मुलींवर पाळत ठेवायला निघालं असताना चर्चनंही पाळतच ठेवायची, की त्या मुलीला बसायला खुर्ची द्यायची, हा आजचा खरा प्रश्न आहे.

शिवाय आपण कोणत्या भिंती राखतो आहोत, हेही मोकळेपणानं बोलायला हवं. गोव्यातल्या आणि मुंबईतल्या कॅथलिक घरांत बामण, चारडो, सुदीर हे जातीचे भेद लग्न ठरवताना अजून विचारले जातात. मराठवाड्यात आणि नगरकडे पूर्वाश्रमीच्या महार आणि मांग ख्रिस्ती घरांत सोयरिक सहजी होत नाही. जातीतच लग्न करणाऱ्या दोन ख्रिस्ती माणसांना कचेरीत कुणी विचारत नाही की असं का. त्यासाठी कुठली सूट लागत नाही, कुठलं वचन द्यावं लागत नाही. भारतीय कॅथलिक बिशप परिषदेनं डिसेंबर २०१६ मध्ये दलित सबलीकरणाचं धोरण जाहीर करताना चर्चमधला जातिभेद उघडपणे मान्य केला. मग विवाहपूर्व शिबिरात जातीवर एक तास का नसावा? धर्माबाहेरच्या लग्नानं श्रद्धेला धोका आहे म्हणणाऱ्यांनी, जातीबाहेर न जाण्यानं श्रद्धेचं काय होतं, याचंही उत्तर द्यावं.

शेवटी कबरस्तान. याबद्दल कुणी लग्नाच्या वेळी बोलत नाही आणि ज्या दिवशी बोलावं लागतं त्या दिवशी कुणाची बोलण्याची स्थिती नसते. चाळीस वर्षं कॅथलिक नवऱ्याबरोबर संसार केलेली, चर्चच्या सणाला मोठ्या पातेल्यात स्वयंपाक करणारी हिंदू बाई वारते. नवरा आधीच त्या कबरीत आहे. मुलं विचारतात, आईला बाबांजवळ ठेवता येईल का. कचेरीतला माणूस म्हणतो, नियम नाही. खरं तर १९१७ च्या संहितेतली मनाई १९८३ च्या संहितेत राहिलेली नाही. उरली आहे ती सवय. दुसरीकडे, १९६३ पासून कॅथलिकांना दहनाची परवानगी आहे आणि अस्थी आशीर्वादित जागेत ठेवायच्या असतात, म्हणजे पत्नीला अग्नी देऊन तिच्या अस्थी नवऱ्याच्या कबरीत ठेवणंही शक्य आहे. मुंबईत कबरींची जागा इतकी अपुरी आहे की ठरावीक वर्षांनी कबर पुन्हा उघडली जाते, तेव्हा हा पर्याय सोयीचाही आहे.

पॅरिश कौन्सिलच्या पुढच्या बैठकीत यासाठी दोन ओळींचा ठराव पुरे आहे: कुटुंबाच्या कबरीत बाप्तिस्मा न झालेल्या जोडीदाराला जागा मिळेल, आणि त्या प्रसंगीची प्रार्थना कुटुंबाशी बोलून ठरवली जाईल. ठरावाची प्रत बिशपांच्या कार्यालयाला पाठवावी, एक कबरस्तानाच्या फाटकाशी लावावी, आणि लग्न ठरवून कचेरीत येणाऱ्या जोडप्याला जो एका पानाचा कागद द्यायचा, त्याच्या मागच्या बाजूला छापावी.